मोबाईलशास्त्री

बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात मोबाईलच्या दुकानाबाहेर एक प्लॅस्टिकची खुर्ची असते. ती दुकानदाराची नसते आणि गिऱ्हाइकाची तर नसतेच. ती मोबाईलशास्त्र्याची असते. हा गृहस्थ पंचविशीतला, पदवी पदरात, भरतीची तयारी चालू, आणि जाहिरात निघेपर्यंत गावातल्या समस्त फोनांची जबाबदारी स्वतःहून अंगावर घेतलेला. कुणी नवा फोन घेऊन पेढे वाटायला आलं की हा पेढा आधी तोंडात टाकतो, फोन उलटा करतो, पाठीवर टिचकी मारतो आणि विचारतो, “प्रोसेसर कोणता हाय दाजी?” दाजींना फोनचा रंग माहीत असतो, फार तर महिन्याचा हप्ता. मग शास्त्री स्वतःच सेटिंगमध्ये शिरतो. “रॅम चांगलीय. बॅटरीबी बरीय. पण…” ह्या ‘पण’पाशी दाजींचा आनंद संपतो. “थांबायचं की आठ दिवस!” जगात आजवर विकला गेलेला प्रत्येक फोन शास्त्र्याच्या हिशोबानं आठ दिवस लवकर घेतलेला असतो, आणि ज्यानं विचारून घेतला त्यानं चुकीच्या माणसाला विचारलेलं असतं.

ह्या माणसाला हसणं सोपं आहे आणि गाव ते मन लावून करतं. पण शास्त्र्याचा हा चिकित्सक स्वभाव काही हवेतून आलेला नाही. गिऱ्हाईक दर काही वर्षांनी नव्या पद्धतीनं अडकत गेलं, त्यातून तो तयार झाला. 2003च्या पावसाळ्यात रिलायन्सनं 501 रुपये भरून हँडसेट घरी न्यायची योजना काढली. तंत्र सीडीएमए. त्यात सिमकार्ड नव्हतं, नंबर हँडसेटच्या पोटातच. कंपनी नको झाली की हँडसेटही नको झाला. 5 सप्टेंबर 2016ला जिओ आलं, बोलणं फुकट झालं, आणि मग कळलं की हे जाळं फक्त 4जीचं आहे. ज्या फोनात व्होल्टी, म्हणजे 4जीवरूनच बोलायची सोय, नाही त्यावर नेट पळायचं, पण साधा कॉल करायला वेगळं ॲप लागायचं. “व्होल्टी हाय का?” हा प्रश्न त्या महिन्यात गावोगाव गेला. 5जीचे फोन तर आपल्याकडे फेब्रुवारी 2020मध्येच दुकानात आले होते. 5जीचं उद्घाटन झालं 1 ऑक्टोबर 2022ला. मधली अडीच वर्षं लोकांनी 5जी हे नाव खिशात घेऊन 4जीवर काढली. जाळं सुरू झाल्यावरही कितीतरी फोनांना कंपनीच्या अपडेटची वाट पाहत बसावं लागलं. तिन्ही वेळा पैसे गेले ते घेणाऱ्याचे, आणि तिन्ही वेळा खोक्यावर लिहिलेलं अक्षरशः खरं होतं.

आता बीडचा भूगोल घ्या. गेवराई-माजलगावकडचा गोदाकाठ सपाट. पाटोदा, धारूर, अंबाजोगाईकडे मात्र बालाघाटच्या रांगा, घाट, आणि खोलगटात बसलेल्या वाड्या-तांडे. 700 मेगाहर्ट्झची लहर लांब जाते, भिंतीतून आत शिरते. 3300 मेगाहर्ट्झची लहर वेग भरपूर देते, पण लवकर दमते. म्हणून शास्त्री कॅमेऱ्याआधी बँड विचारतो. “अठ्ठावीस हाय का?” म्हणजे 700 मेगाहर्ट्झ पकडणारा बँड 28. भारतात विकल्या गेलेल्या कितीतरी स्वस्त 4जी फोनांची यादी 1, 3, 5, 8, 40, 41 अशी संपते. त्यात अठ्ठावीस नाही. जुलै 2024मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा पुष्कळांनी रागानं नंबर बीएसएनएलला नेला. बीएसएनएलचं 4जी 2100 आणि 700 मेगाहर्ट्झवर. टॉवरवर 700 चालू असलं तरी अठ्ठावीस नसलेल्या फोनाला त्याचा पत्ताच नाही. लोकांनी शिव्या बीएसएनएलला दिल्या. त्यातल्या निम्म्या फोनाच्या वाट्याच्या होत्या, आणि हे सांगणारा गावात एकच माणूस होता, खुर्चीवरचा.

हे फोन गावात बसूनही राहत नाहीत. दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल घेतलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या कोल्हापूर, सांगली, सोलापूर, बेळगावकडे निघतात. बेळगाव तर कर्नाटकात, टेलिकॉमच्या हिशोबात वेगळं सर्कल. फोन एकच, पण तो इकडे डोंगराच्या कुशीत चालायला हवा आणि तिकडे उसाच्या फडातही, कारण पोरं आजीजवळ मागं राहिलेली असतात आणि संध्याकाळचा फोन चुकवून चालत नाही. फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, चार्जिंगची सोय नसते. त्यात रेंज कमी असली की फोन टॉवर गाठायला जास्त जोर लावतो आणि बॅटरी त्यातच संपते. “बॅटरी लई उतरायली,” अशी तक्रार आली की शास्त्री बॅटरीकडे बघतच नाही, आधी रेंजच्या काड्या मोजतो. त्याच्या घराण्यात ही नजर जुनीच आहे. आजोबा बैलबाजारात दात बघून सौदा करायचे, दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि आठ झाले की जुळला. नातू रॅम विचारतो, दोन, चार, सहा, आठ. फरक एवढाच की आठ दात आलेल्या बैलाकडून बारा दातांची अपेक्षा कुणी धरत नाही. फोनवाल्यांनी माणसाला तेवढंही समाधान ठेवलेलं नाही.

पहिला आक्षेप असा की हा स्वतः काही विकत घेत नाही. खरंच आहे. त्याचा स्वतःचा फोन चार वर्षांचा, काच कोपऱ्यात तडकलेली, आणि आवाज वाढवायचं बटण नखानं दाबावं लागतं. पण ज्यानं पैसे मोजले त्याला फोन चांगला निघावाच लागतो. हप्ते फिटेपर्यंत तरी त्याच्याकडून निःपक्षपाती मत मिळत नाही. दुकानदाराला अमुक मॉडेल खपवण्यावर कमिशन असतं. ज्याचा ह्यात रुपयाचाही फायदा नाही असा एकटा शास्त्री उरतो. त्याची फी म्हणजे अर्धा चहा आणि चारचौघांत मिळालेलं “ह्याला इचारा” हे प्रमाणपत्र. तो मान मिळवायला हे करतो, हा आरोपही मान्य. मानासाठी गावात याहून महागात पडणारे उद्योग चालतात.

दुसरा आक्षेप जड आहे. ज्ञान अर्धवट असतं आणि ते पुऱ्या आवाजात सांगितलं जातं. 108 मेगापिक्सेल ऐकून तो स्वतः भाळतो. असे फोन एरवी नऊ ठिपक्यांचा एक करून 12 मेगापिक्सेलचाच फोटो देतात, हे तो सोयीनं विसरतो. 26 गिगाहर्ट्झचा बँड नाही म्हणून तो एखाद्या फोनला नापास करतो. ती लहर भिंतीशी हरते, आणि आपल्या घाटात ती आणणार कोण, हा प्रश्न त्याला पडत नाही. ‘8 अधिक 8 जीबी’ वाचून तो सोळा म्हणतो. त्यातली दुसरी आठ स्टोरेजमधून उसनी घेतलेली असते. असले खोटे दात त्याच्या आजोबांनी लांबून ओळखले असते. हे सगळं कबूल करूनही हिशोब त्याच्याच बाजूनं झुकतो. त्याची चूक झाली तर फोटो थोडा फिका येतो, पण त्याचं बरोबर ठरलेलं न ऐकणाऱ्याची पंचाईत मोठी होते. पिकाची सरकारी नोंद, म्हणजे ई-पीक पाहणी, 2021पासून मोबाईलवर आली. बांधावर उभं राहून फोटो काढायचा आणि जागेचे अक्षांश-रेखांश फोननंच पकडायचे. 2025चा खरीप येईपर्यंत, पावसानं पीक झोपलं तर 72 तासांच्या आत विम्याला कळवावं लागायचं. पीकविम्याला स्वतःच्या नावाचा ‘पॅटर्न’ देणाऱ्या जिल्ह्यात जीपीएस नीट नसणं किंवा रेंज नसणं ही पैशाशी गाठ आहे.

तिसरा आक्षेप शिकल्यासवरल्यांचा. सगळी माहिती नेटवर आहे, मग हा मधला कशाला? आहे ना, इंग्रजीत आहे, आकड्यांत आहे, आणि एकाच नावाचा फोन देशागणिक वेगळे बँड घेऊन येतो. पुण्याच्या पाहुण्यानं अमेरिकेतून आणलेल्या आयफोन 14ला सिमचा कप्पा शोधताना टाचणी घेऊन चारी कडा चाचपणारे विद्वान गावात निघतातच. अमेरिकेतल्या त्या मॉडेलला कप्पाच नाही, फक्त ई-सिम, हे तिथं सांगायला शास्त्रीच लागतो. अर्थात, एक पेढा खाऊन.

त्याचा खरा दोष वेगळाच आहे आणि त्यावर गावात कुणी बोट ठेवत नाही. त्याची सगळी विद्या नव्या फोनावर खर्च होते. घरात नवा फोन आला की जुना मालकिणीकडे जातो. तो तापतो, त्यात जागा नसते, रेंज फक्त ओट्याच्या एका कोपऱ्यात सापडते. पण लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीचा ओटीपी त्याच फोनवर येणार असतो, आणि पोराच्या शाळेचा निरोपही. त्या फोनात कोणता बँड आहे हे कुणी विचारत नाही, कारण त्या फोनाचे पेढे वाटलेले नसतात. शास्त्र्यानं एक दिवस ती खुर्ची दुकानाबाहेरून उचलून वहिनींच्या ओसरीवर टाकावी, म्हणजे त्याच्या विद्येचं चीज होईल.

तोवर कंपन्यांनीही एक करावं. खोक्यावर मेगापिक्सेल ज्या टाइपात छापतात त्याच टाइपात बँड छापावेत, मराठीत, आणि कोणत्या कंपनीचं कोणतं जाळं त्यावर चालेल तेही. तसं झालं तर शास्त्र्याचं महत्त्व कमी होईल अशी भीती कुणी धरू नये. तो खोकं हातात घेईल, सगळं वाचेल, पेढा गिळेल आणि म्हणेल, “छापलंय बराबर. पण दाजी, थांबला असता आठ दिवस, तर बघा…”