दोन मारिओ पारखण्याची रीत (नवशिक्यांसाठी)

आधी साहित्य जमवा. एक कॅसेटचा टीव्ही गेम आणि त्यात १९८५चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ छापलेलं असेल तर घाबरू नका, बाकीचे बहुतेक त्याच त्या गेमचे भाऊबंद निघतात. दुसरा ‘सुपर मारिओ ब्रदर्स डिलक्स’, १९९९चा, गेम बॉय कलरवरचा. हा नाशिकच्या मेन रोडवर शोधत फिरू नका. तो परदेशातल्या मामाकडून यायचा, “जपून खेळ” या सूचनेसकट. दोन पेन्सिल सेल जवळ ठेवा.

टीव्हीवरची तपासणी संध्याकाळी, मालिका सुरू व्हायच्या आत उरकावी. कॅसेट बसवा, काढा, फुंकर मारा, परत बसवा. उपयोग होतो तो परत बसवण्याचा, पण फुंकर न मारलेला डाव सिडकोत कोणी मोजत नाही. प्रेक्षक किमान तिघे हवेत. एकाने “वर लाइफ आहे, वर!” असं ओरडायचं, तो मोठा भाऊ असेल तर त्याने हातातला रिमोटही काढून घ्यायचा. आता सातव्या जगापर्यंत पोचा आणि भारनियमनाची वाट पाहा. वीज गेली, मारिओ गेला. मूळ गेमला सेव्हच नाही. ए दाबून धरून स्टार्ट दाबलं की मेलात त्या जगाच्या सुरुवातीला जाता येतं खरं, पण ते गेम ओव्हरनंतर, अंधारानंतर नव्हे.

डिलक्समध्ये सेव्ह आहे. नाशिककराला एवढं पुरेसं वाटेल. वाटू द्या. रात्री वीज गेली की चालू करा. चालतो, दिसत नाही. गेम बॉय कलरच्या पडद्यामागे दिवाच नाही, त्यामुळे सेव्ह केलेला मारिओ बघायला मेणबत्ती लागते.

म्हणून पुढची चाचणी सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसमध्ये, खिडकीशी. (खिडकी कशी मिळवावी, हा वेगळ्या पुस्तिकेचा विषय आहे.) उन्हात पडदा झकास दिसतो आणि खरी गोमही तेव्हाच कळते. टीव्हीवरचं चित्र २५६ बाय २४० ठिपक्यांचं, इथलं १६० बाय १४४. निन्टेंडोने मारिओ तेवढाच ठेवला आणि चौकट कापली. जेमतेम तीन-अष्टमांश जग दिसतं. खड्डा उशिरा येतो, हातोडेवालं कासव एकदम अंगावर. वर-खाली डोकावायला बटण आहे, पण पळता पळता डोकावणार कोण? जुने खेळाडू पाठांतरावर तरून जातात आणि डिलक्सची तारीफ करतात. त्यांची साक्ष धरू नका. मूळ गेम कधीच न खेळलेला भाचा बसवा आणि तो पहिल्या जगात किती वेळा मरतो ते लिहून घ्या.

इगतपुरी सुटली की स्टार्ट दाबून गेम थांबवा. थळ घाटातल्या बोगद्यांत उडी मारणाऱ्यांची कीव करण्यात अर्थ नाही.

नकाशा, लाल नाणी, भुताशी शर्यत हे डिलक्समधलं जादाचं सगळं ठीक आहे. तीन लाख गुण झाले की जपानमधला १९८६चा दुसरा भाग उघडतो. तो इतका छळतो की भाच्याला दाखवू नये.

डिलक्स जुन्या बाजारातून घेत असाल तर विकणाऱ्यासमोरच सेव्ह करा, बंद करा, पुन्हा चालू करा. कॅसेटच्या पोटात एक चपटा सेल असतो. तो संपला की डिलक्सही पहिल्या जगापासून सुरू करायला लावतो, तेही घरात वीज असताना.