सांत्वनाचे जलविहार

आईच्या निधनाला वर्ष लोटूनही जो गप्पच राहतो, त्याला कोलाडला नेऊन कुंडलिकेत राफ्टिंग, म्हणजे हवा भरलेल्या रबरी तराफ्यातून खळाळत्या प्रवाहात वल्हवणे, घडवावे, असा सांत्वनविधी शहरी मित्रमंडळांत रूढ झालेला दिसतो. मुळशीचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून वीज देऊन सुटते, तेव्हाच ही नदी राफ्टिंगजोगी वाहत असल्यामुळे शोकानेही त्याच वेळापत्रकाने मोकळे व्हावे, अशी मंडळींची रास्त अपेक्षा असते. ‘नीट धरून बस, वाकू नकोस’ हे आईचे फुकटचे बजावणे आता वाटाड्या शुल्क घेऊन करतो; हमीपत्रातील ‘आपत्काळी कोणास कळवावे’ या रकान्यात मात्र, व्यवस्थापकांच्या मते, कोणताही दहा अंकी क्रमांक चालतो.