स्प्लिटराव

भाच्याचं खरं नाव त्याच्या आईला आणि कॉलेजच्या परीक्षा विभागाला ठाऊक आहे. आमच्या गल्लीत त्याला स्प्लिटराव म्हणतात. स्प्लिट म्हणजे टप्प्याटप्प्याला लागलेली वेळ. ‘दूध आणलंस का रे?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘जाताना चार-दहा, येताना चार-पंचवीस. येताना हातात पिशवी होती ना मामा, स्प्लिट बिघडला.’ दूध आणलं की नाही ते आपण पातेल्यात डोकावून बघायचं.

मुलगा मूळचा साताऱ्याचा. घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला, म्हणजे कोथिंबिरीची जुडी आणायची तरी चढ-उतार आलाच. त्या गावाला पळण्याचं वेडच आहे. यवतेश्वराच्या घाटात 2012 पासून हिल हाफ मॅरेथॉन होते. 2015 साली तिची नोंद गिनीज बुकात झाली. त्याच जिल्ह्यातल्या, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी पळाली आणि दहावी आली. अशा जिल्ह्यातला पोरगा सकाळी पळाला नाही, तर आई कपाळाला हात लावून ताप बघते.

असा हा घाटातला प्राणी इंजिनिअरिंगला म्हणून सांगलीत, आमच्याकडे, राहायला आला आणि त्याची पंचाईत झाली. सांगलीत चढ नाही. चढ पाहिजेच असेल तर रेल्वेवरच्या पुलावर जायचं आणि दहा वेळा वर-खाली करायचं. चौथ्या फेरीला तिथला उसाच्या रसवाला विचारतो, ‘काय हरवलंय का पाव्हणं?’ पळण्यातली मजा गेली तेव्हा त्यानं माळ्यावरची माझी जुनी सायकल खाली काढली. पुढं तिच्या जागी, आईच्या भिशीच्या पैशातून, वाकड्या हँडलची नवी सायकल आली. सपाट रस्ता, दुतर्फा ऊस आणि समोरून वारा. साताऱ्यानं पाय दिले, सांगलीनं चाकं दिली, आणि दोन्हींच्या संकरातून जे बेणं उगवलं त्याला ड्युएथलॉनपटू म्हणतात.

खेळ सांगायला सोपा आहे. आधी पळायचं, मग सायकल चालवायची, मग पुन्हा पळायचं. मोठ्या अंतराची शर्यत 10, 40 आणि 5 किलोमीटरची. छोटी, जिला स्प्रिंट म्हणतात, ती 5, 20 आणि अडीचची. स्वित्झर्लंडमधल्या झोफिंगेनला तर 150 किलोमीटर सायकल चालवून वर आणखी 30 किलोमीटर पळतात. हे ऐकून मामी म्हणाली, ‘तिथं एसटी नसेल.’

पूर्वी या खेळालाही बायथलॉनच म्हणायचे. पण बर्फावर घसरत जाऊन बंदुकीनं नेम मारायचा एक खेळ त्याच नावानं आधीपासून मिरवत होता. घोटाळा नको म्हणून याचं बारसं पुन्हा झालं. आमच्या शेजारच्या निवृत्त गुरुजींपर्यंत हे बारसं पोचलं नव्हतं. त्यांनी मोबाइलवर जुनं नाव शोधलं आणि संध्याकाळी काळजीनं फाटकाशी आले. ‘बाकी सगळं ठीक आहे हो, पण पोराकडं बंदुकीचा परवाना आहे का?’

त्याच्या आत्याचा प्रश्न जास्त खडा होता. ‘ऑलिम्पिकला असतंय का हे?’

‘नाही आत्या. ट्रायथलॉन असतं, 2000 पासून. त्यात आधी पोहायचं असतं.’

‘मग तूही पोह की. एवढ्या एका पोहण्यासाठी ऑलिम्पिक कशाला सोडतोस?’

इथं स्प्लिटराव गप्प. कारण त्याला पोहता येत नाही. साताऱ्यात हे खपून गेलं असतं. सांगलीत नाही. इथं पाठीला डबा बांधून कृष्णेत ढकललेली पिढीच्या पिढी आहे, पूर आला की आयर्विन पुलावरून उड्या घेणारी. अशा गावात न पोहणारा तरुण म्हणजे कोल्हापुरात तांबडा रस्सा न खाणारा. त्यावर त्यानं एक कारण शोधून ठेवलंय. ‘कृष्णेत मगरी आहेत मामा.’ खोटं नाही. औदुंबर-भिलवडीच्या पट्ट्यात मगरी आहेतच. पण म्हणून घाटावरचे आजोबा पहाटेची डुबकी चुकवत नाहीत. मामीनं तर त्याच्या देव्हाऱ्यालाच हात घातला. ‘ती तुझी ललिताताई तीन हजार मीटरमध्ये सात वेळा पाण्याच्या खड्ड्यातनं उडी घेते, आणि तू बादलीनं अंघोळ करताना भिंत धरतोस.’

या खेळात अंतरं तीन असली तरी स्प्लिटरावाचा जीव अडकलेला असतो त्यांच्यामधल्या फटीत. पळणं संपवून सायकल घ्यायची ती टी-वन, सायकल ठेवून पळायला लागायचं ती टी-टू. घड्याळ तिथंही थांबत नाही. नियम मोठा कडक: आधी डोक्यावर हेल्मेट, हनुवटीखालचा पट्टा टिचकन लागलेला, आणि मगच सायकलला हात. सायकल हातात धरून आखलेल्या रेषेपर्यंत पळायचं आणि रेषेपलीकडं गेल्यावरच वर बसायचं. उलटं झालं तर पंचांची शिट्टी आणि शिक्षा.

हा सगळा शास्त्रोक्त विधी आमच्या अंगणात महिनाभर चालला. कपडे वाळत घालायच्या बांबूला सायकल सीटनं टांगलेली. फाटकाशी मामीच्या रांगोळीनं ओढलेली रेष. स्प्लिटराव गल्लीतून धावत येणार, बूट बदलणार, हेल्मेट, टिचकी, सायकल, रेष, टांग! मामीच्या हातात मोबाइलचं घड्याळ. पहिल्या दिवशी 52 सेकंद, आठवड्यानं 41, तिसऱ्या आठवड्यात 33. एकदा बांबूवरची माझी लुंगी हँडलला गुंडाळून चौकापर्यंत गेली. तो स्प्लिट मामीनं बाद धरला. पण या घोकंपट्टीचा परिणाम असा, की हेल्मेट हा त्याच्या अंगाचा भाग झाला. एका रविवारी तो हेल्मेटसकट पानावर बसला. मी म्हटलं, ‘काढ की ते.’ तो म्हणाला, ‘सवय झाली पाहिजे मामा.’ तेव्हा मी हसलो.

मग एके दिवशी त्यानं जाहीर केलं, ‘आज माझं ब्रिक आहे.’ मला वाटलं, फीसाठी नदीकाठच्या वीटभट्टीवर कामाला लागला. मामी म्हणाली, ‘पैसे लागत असले तर सांगायचं होतंस रे.’ ब्रिक म्हणजे सायकलवरून उतरल्या उतरल्या पळायचा सराव. तासभर गोल फिरलेल्या मांड्यांना एकदम सरळ पळायला लावलं की त्यांना ते उमगत नाही, पाय विटेसारखे जड पडतात. म्हणून ब्रिक, असं काही जण सांगतात. आठवड्यातून दोन ब्रिक, आणि प्रत्येकीचं साग्रसंगीत वर्णन रात्री जेवताना. पाय त्याचे विटेसारखे व्हायचे, वीट मला यायचा.

गळितात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या तेव्हा हा त्यांच्या मागून वारा चुकवत सायकल मारू लागला. त्याला म्हणे ड्राफ्टिंग म्हणतात. मी चांगलाच झाडला. मामी मात्र म्हणाली, ‘तुझे मामाही लहानपणी ट्रॉलीमागंच असायचे. फक्त येताना हातात ऊस असायचा.’

शर्यत साताऱ्याकडं, हमरस्त्यापासून आत एका शाळेच्या मैदानावर होती. छोटी, स्प्रिंटची. सायकल ओळखीच्या टेम्पोतून बेदाण्याच्या पेट्यांशेजारी गेली, आम्ही एसटीनं. पेठ नाका, कऱ्हाड, उंब्रज असं सव्वाशे किलोमीटर. कऱ्हाड आलं तसं मी म्हटलं, ‘इथंच जवळ गोळेश्वर. खाशाबा जाधवांचं गाव. 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.’ तो म्हणाला, ‘माहितीय मामा. पण त्यांना टी-टू नव्हतं.’

पहाटे मैदानात मांडववाल्याच्या बांबूंना सायकली ओळीनं टांगलेल्या. फक्कीनं आखलेली रेष. माझ्यावर जबाबदारी दोन: पंप सांभाळायचा आणि ओरडायचं नाही. स्प्लिटरावाच्या मनगटावर घड्याळ आणि दंडावर पेनानं लिहिलेले आकडे: 22, 40, 12. म्हणजे 22 मिनिटांत पळणं, 40 मिनिटांत सायकल, 12 मिनिटांत शेवटचे अडीच किलोमीटर. परीक्षेत एवढी कॉपी केली असती तर पहिला वर्ग मिळाला असता.

पहिलं पळणं 22 मिनिटांच्या आत. साताऱ्याचे पाय, बोलायलाच नको. टी-वन तर बघत राहावं असं: बूट, हेल्मेट, टिचकी, सायकल, रेष, टांग. शेजारच्या पालकांना मी नकळत म्हणून गेलो, ‘आमच्या अंगणात 33 सेकंद होतं.’ सायकलवर त्यानं कितीतरी जण मागं टाकले. पंधराव्या किलोमीटरपर्यंत तो राजा होता, आणि राजासारखं भान न ठेवता सगळा खजिना तिथंच उधळून आला.

परत रेषेपाशी उतरला तेव्हा चेहऱ्यावरूनच कळलं. सायकल बांबूला टांगली, बूट बदलले आणि निघाला. चार पावलं टाकली, पाचवं भलतीकडंच पडलं. मांड्यांमध्ये कुणीतरी खरंच भट्टीतल्या विटा रचल्या होत्या. आणि डोक्यावर हेल्मेट तसंच.

महिनाभर त्यानं हेल्मेट घालायचा सराव केला होता. काढायचा सराव कुणी घेतला नव्हता. त्यात माझाही दोष आहे. मी ओरडणार होतो, पण न ओरडायचं कबूल केलं होतं. पंच हसले, पण शिट्टी वाजवली नाही. रस्त्याकडेला डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेल्या बाईनं सोबतच्या सुनेला सांगितलं, ‘बघ, किती गुणाचं लेकरू. पळतानाबी हेल्मेट घालतंय.’ पुढं चहाच्या टपरीवरून आवाज आला, ‘पडलास तर डोस्कं वाचंल गड्या, पळ!’

मी पंप घेऊन शेवटच्या वळणावर जाऊन उभा राहिलो. आधी मागं टाकलेली पोरं एकेक करून त्याच्या पुढं निघून गेली. आला तो खांदे पाडून, तोंड उघडं, कमरेत वाकलेला. पण थांबला नव्हता. वेड्यावाकड्या पावलांनी, हेल्मेटखालून घामाच्या धारा काढत, पळतच होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा असं झालं की तो समोरून गेला आणि त्यानं मनगटाकडं बघितलं नाही.

रेषेपलीकडं तो मैदानात बसला. मी पट्टा काढला, हेल्मेट बाजूला ठेवलं, पाणी दिलं. पाच मिनिटांनी म्हणाला, ‘पाय माझे नव्हतेच मामा.’ आणखी दोन मिनिटांनी त्यानं घड्याळ बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. टी-टूच्या गडबडीत बटण दाबायचं राहून गेलं होतं. पंचांच्या वहीत फक्त एकूण वेळ. म्हणजे दूध आणण्यापासून लुंगी नेण्यापर्यंत सगळ्याचा स्प्लिट याच्याकडं आहे. नाही तो एवढ्या अडीच किलोमीटरचा, जे तो खरोखर पळाला.

नंबर एकविसावा. साताऱ्यातून कंदी पेढे घेऊन निघालो आणि परतीच्या एसटीत उंब्रजच्या आतच त्यानं अर्धा पुडा संपवला. मी वेळ लावली नाही.

तेव्हा वाचकहो, पहाटे सांगली-मिरज रस्त्यावर किंवा यवतेश्वराच्या घाटात एखादं पोरगं हेल्मेट घालून पळताना दिसलं, तर हसायचं तेवढं हसा, पण त्याला हाक मारून थांबवू नका. हेल्मेट घरी आल्यावर मामी काढेल.