पर्सोनेलकाका

आमच्या निगडी प्राधिकरणातल्या सोसायटीत मुलाचा बारावीचा निकाल लागला की पेढे वाटतात आणि इंजिनिअरिंगचा लागला की त्याला पर्सोनेलकाकांकडे धाडतात. काका भोसरीकडच्या एका कारखान्यातून पर्सोनेल ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. 'एच. आर.' म्हटलेलं त्यांना खपत नाही. "माणूस म्हणजे रिसोर्स? दगडी कोळसा आहे का तो?" एवढं बोलून ते डावा हात पुढे करतात. त्यात आपण सीव्ही ठेवायचा. उजव्या हातात लाल पेन आधीच तयार असतं.

एकतीस वर्षं काकांनी अर्ज वाचले. "चहा निवेपर्यंत दहा उरकायचे," ते सांगतात, "म्हणजे तुझ्या वाट्याला आलं अर्धं मिनिट. त्यात तू मला वडिलांचं नाव, जात, उंची आणि 'अविवाहित' सांगणार? नोकरी बघायला आलायस की मुलगी?"

आमच्या चिरंजीवांना मी स्वतः घेऊन गेलो होतो. सीव्ही तीन पानी, निळ्या चौकटीतला. सुरुवातीलाच ध्येय : आव्हानात्मक वातावरणात काम करून स्वतःचा आणि संस्थेचा उत्कर्ष साधणे.

"मे महिन्यात आमच्या फाउंड्रीत वातावरण फार आव्हानात्मक असायचं," काका म्हणाले. "तिथे आपणहून मागून आलेला एकही मला आठवत नाही." ध्येय गेलं.

"छंद : वाचन. शेवटचं काय वाचलंस?"

चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. वाचन गेलं.

"कष्टाळू, जिद्दी, प्रामाणिक. हे कोण म्हणतंय?"

"मीच."

"स्वतःच्या मुलीला सुगरण म्हणणाऱ्या आईवर विश्वास ठेवतोस का तू? विशेषण दुसऱ्याने लावायचं असतं. आपण काय केलं ते सांगायचं आणि गप्प बसायचं." तिन्ही विशेषणं गेली. संगणकज्ञानापुढे पाचांपैकी चार तारे रंगवले होते, ते गेले. 'वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे' हे प्रतिज्ञापत्र गेलं. ('समजुतीप्रमाणे' या शब्दावर काका विशेष हसले.) शाळेत असताना उघडलेल्या ईमेल पत्त्यात 'रॉकिंग' हा शब्द होता, तोही गेला. तीन पानांचं सव्वा पान उरलं.

उरलेला मजकूर दोन रकान्यांत होता. मोठ्या कंपन्यांत हल्ली अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं, हे काकांना भाच्याकडून कळलं होतं, आणि या नव्या कारकुनाबद्दल त्यांना धास्तीयुक्त आदर होता. "डावीकडे छंद, उजवीकडे अनुभव. त्याने ओळ आडवी सरळ वाचली तर? 'पोहणे, सहा महिने, वेल्डिंग विभाग.' घेतील तुला!"

आता वाटेल की काका नुसतेच खोडतात. मलाही तसंच वाटायचं, पण बी विंगमधल्या वहिनींचा सीव्ही मी पाहिलाय. त्यांना मुलांपायी सुटलेली अकाउंट्सची नोकरी पुन्हा करायची होती. 2016 ते 2022 या वर्षांपुढे त्यांनी 'गृहिणी' लिहून पुढची जागा कोरी सोडली होती. काकांनी पेन खाली ठेवलं. हे मी त्यांना प्रथमच करताना पाहिलं.

"सोसायटीत खजिनदार कोण होतं गं?"

"मीच की. पण त्याचे पैसे थोडेच मिळत होते!"

"फ्लॅट किती?"

"चौऱ्याऐंशी."

"ऑडिटरने काही काढलं?"

"काही नाही. एकदा टँकरची दोन बिलं डबल आली होती, ती मीच पकडली."

काकांनी लिहिलं : 84 सदनिकांचे हिशेब सांभाळले, लेखापरीक्षणात एकही शेरा नाही, पुरवठादाराची दुबार बिले पकडली. वहिनींनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे माझंच आहे ना?"

सीव्हीसोबतच्या पत्राबद्दल मात्र काका कडवट आहेत. पूर्वीची पोरं 'सविनय सादर करतो की' लिहून शेवटी 'संधी दिल्यास मी आपला आजन्म ऋणी राहीन' म्हणायची. "हा काय सावकाराकडचा अर्ज आहे?" आताची पोरं पत्र एआयकडून लिहून घेतात. एका आठवड्यात काकांकडे चार पत्रं आली. चौघांनाही अर्ज करताना अत्यंत उत्साह वाटत होता आणि चौथ्याच्या पत्रात 'येथे कंपनीचे नाव लिहा' तसंच राहिलं होतं. काकांच्या मते पत्राला तीन परिच्छेद पुरतात : तुमच्याकडेच का आलो, तुमच्या उपयोगाचं मी काय केलंय आणि भेटायला कधी येऊ. सीव्हीतलंच पुन्हा गिरवायचं नाही.

याचा त्यांचा आदर्श थेट इटलीतला. 1482च्या सुमाराला लिओनार्डो दा विंचीने मिलानच्या लुडोविको स्फोर्झाकडे नोकरी मागितली, त्या पत्राचा मसुदा उपलब्ध आहे. काकांनी भाषांतराचा प्रिंट काढून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवलाय. आधी हलके पूल, खंदकातलं पाणी उपसणं, तोफा, चिलखती गाड्या. चित्रं काढता येतात हे अगदी शेवटी. "मालकाच्या डोक्यात लढाई आहे हे ओळखलं त्याने!"

"पण काका, तो लिओनार्डो होता," आमचे चिरंजीव म्हणाले.

"तेव्हा कुठला! तिशीचा उमेदवार होता. मोनालिसा व्हायला अजून वीस वर्षं होती."

गेल्या वर्षी गणपतीत सोसायटीने काकांचा सत्कार ठरवला. परिचय मी करून द्यायचा होता, म्हणून त्यांच्याकडे माहिती मागितली. 'दोन ओळी देतो' म्हणाले आणि आठ दिवसांनी पाकीट आलं. आत सहा पानं, पाठपोट. सुरुवात आजोबांपासून. चौथीची स्कॉलरशिप, कॉलेजातल्या नाटकात दुसऱ्या शिपायाची भूमिका, छंद : वाचन.

मी बाजारातून लाल पेन आणलं. खोटं कशाला बोलू, मजा आली. आजोबा गेले, स्कॉलरशिप गेली, वाचन तर मी दोनदा खोडलं. पाचव्या पानावर एक ओळ होती : 'एकतीस वर्षांत सकाळची 6.40ची कंपनीची बस एकदाही चुकली नाही.' काकांच्याच नियमाने ती राहायला हवी होती. ती ठेवली, आणि तिच्यामागे माझ्या पदरचा एकच शब्द जोडला : कर्तव्यदक्ष.

कार्यक्रमात मी परिचय वाचला. बसच्या ओळीला टाळ्या पडल्या. शाल घेताना काका माझ्या कानाशी वाकले.

"'कर्तव्यदक्ष' कुणी घातलं?"

"मी."

"बस सांगितलीस ना? मग ते कशाला?"