दुःस्वप्नांवर पोट कसं भरावं : होतकरूंसाठी

अतिवास्तववादी चित्रं काढायची आणि सिनेमाचे सेटही उभारायचे, असं ज्यांनी ठरवलंच आहे, त्यांनी गुरू करावा तो स्वित्झर्लंडच्या एच. आर. गीगरांना. साल्वादोर दाली नको. तेवढ्या मिशा सगळ्यांनाच झेपत नाहीत.

जन्म 1940 चा घ्यावा. वडिलांचं औषधांचं दुकान असावं, म्हणजे ते न चालवण्याचं समाधान मिळतं. झुरिकला जाऊन वास्तुरचना आणि औद्योगिक डिझाइन शिकावं; पुढे राक्षस काढले तरी त्यांचे सांधे नीट बसतात. रात्री दचकून जाग येत असेल तर अंगारा लावू नये, ते भांडवल आहे. हाती एअरब्रश घ्यावा आणि हाड कुठे संपलं, नळी कुठे सुरू झाली, याचा पत्ता बघणाऱ्याला लागू देऊ नये.

पहिला मोठा सिनेमा बुडीत निघालेला बरा. दिग्दर्शक योदोरोव्स्कींचा ‘ड्यून’ पडद्यावर आलाच नाही; पण त्या कामावर असलेल्या डॅन ओबॅननच्या डोक्यात गीगर राहिले. त्यानेच मग ‘एलियन’ लिहिला आणि गीगरांची चित्रं त्याचा दिग्दर्शक रिडली स्कॉटपुढे ठेवली. 1976 च्या ‘नेक्रोनॉम 4’ या चित्रातलं लांब डोक्याचं ध्यान बघून स्कॉटचा राक्षसाचा शोध संपला.

आता लंडनजवळच्या शेपर्टन स्टुडिओत हजर व्हावं. सामान : प्लॅस्टिसिन, सापाचे मणके, रोल्स-रॉइसच्या नळ्या आणि भरपूर हाडं. राक्षसाच्या अंड्याचं तोंड जरा जास्तच बायकी झालं, अशी कुरबुर निर्मात्यांकडून येईल. वाद घालू नये. एका चिरेवर दुसरी आडवी चीर द्यावी, क्रूस होतो. मग कोणाची तक्रार नाही. सेट लहान वाटला तर दिग्दर्शकाची पोरं अंतराळवीरांच्या पोशाखात उभी करावीत. स्कॉटने तेच केलं.

1980 साली ऑस्कर मिळेल, पण पाच जणांत मिळून, आणि तेही दृश्य-परिणामांसाठी. कलादिग्दर्शनाचं दुसऱ्याच सिनेमाला जाईल. 1986 च्या पुढच्या भागाला तर बोलावणंच येणार नाही. तुमचा राक्षस मात्र जाईल.

रुसून बसू नये. चीजसाठी प्रसिद्ध असलेल्या ग्रुयेर गावात जुना वाडा घेऊन 1998 मध्ये स्वतःचं संग्रहालय काढावं.

तेव्हा होतकरूंनो, सापाचे मणके नंतर शोधा. आधी पुढच्या भागांचं करारात लिहून घ्या.