परदेशस्थ होण्याचे शास्त्र

भारतात भांडवल गुंतवू इच्छिणाऱ्याने प्रथम भारताबाहेर एक कंपनी काढावी आणि मग तिच्या हाताने भारतात परत यावे, हा आधुनिक अर्थव्यवहारातील एक सर्वमान्य सिद्धांत असून त्याचे मूळ कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाच्या ग्रंथात नव्हे, तर २४ ऑगस्ट १९८२ रोजी पोर्ट लुई येथे भारत आणि मॉरिशस यांच्यात झालेल्या करारात सापडते. एकाच उत्पन्नावर दोन देशांनी दोनदा कर घेऊ नये, यासाठी केलेल्या वाटणीला ‘दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार’ म्हणतात. या कराराच्या तेराव्या कलमानुसार समभाग विकून होणाऱ्या भांडवली नफ्यावर कर लावण्याचा अधिकार विक्रेता ज्या देशाचा निवासी असेल त्या देशाकडे गेला. आणि मॉरिशसमध्ये तर असा कर अस्तित्वातच नव्हता. त्यामुळे दोनदा कर बसण्याचे संकट इतके समूळ टळले, की तो एकदा बसण्याचाही धोका उरला नाही.

हा करार सुमारे दहा वर्षे फारसा कोणाच्या लक्षात न येता पडून होता. १९९२ मध्ये भारताने आपला शेअर बाजार परदेशी वित्तसंस्थांना खुला केला आणि त्याच वर्षी मॉरिशसने, देशात राहून देशाबाहेर व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांसाठी स्वतंत्र कायदा केला, तेव्हा या योगायोगातून एक आर्थिक चमत्कार घडला. ज्या बेटाचे क्षेत्रफळ सुमारे २,००० चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या नाशिक शहराहूनही कमी, त्या बेटातून २००० सालानंतरच्या सुमारे पंधरा वर्षांत भारतात आलेल्या थेट परदेशी गुंतवणुकीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग आला. या अफाट संपत्तीचे मूळ तेथील उसात असावे, असे अनुमान एखादा भाबडा अभ्यासक काढू शकतो. परंतु तसे असते तर कोल्हापूर आणि सांगली या जिल्ह्यांनी एव्हाना अमेरिकेत गुंतवणूक केली असती.

अशी कंपनी स्थापन करण्याची पद्धत शिस्तबद्ध आहे. परवाना तेथील वित्तीय सेवा आयोग देतो, मात्र त्याच्याकडे अर्ज करायचा तो ‘व्यवस्थापन कंपनी’मार्फत, म्हणजे इतरांच्या कंपन्यांना पत्ता, हिशेबनीस, सचिव आणि गरजेनुसार संचालकही पुरवणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फत. कंपनीला किमान दोन स्थानिक निवासी संचालक लागतात, मुख्य बँक खाते मॉरिशसमध्ये लागते आणि हिशेबतपासणीही तेथेच व्हावी लागते. कंपनीचा निवास तिचा कारभार जेथून चालतो त्यावर ठरत असल्याने संचालक मंडळाच्या सभेला या शास्त्रात धार्मिक विधीचे महत्त्व आहे: स्थानिक संचालक उपस्थित राहतात, ठराव वाचला जातो, त्यावर साधकबाधक विचार झाल्याची नोंद इतिवृत्तात होते आणि निर्णय मॉरिशसमध्ये झाला हे सिद्ध होते. तो निर्णय आदल्या आठवड्यात नरिमन पॉइंटला कोणी टंकलिखित केला होता काय, असा प्रश्न सभाशास्त्रात असभ्य मानला जातो.

अशा कंपन्यांत काही सत्त्व आहे की त्या नुसत्या कागदी आहेत, ही शंका वारंवार घेतली जाऊ लागल्यावर मॉरिशसने २०१५ पासून सहा निकष लावले आणि त्यांपैकी एक पूर्ण केला तरी पुरे, असे उदार धोरण ठेवले. बेटावर कार्यालय असणे हा त्यांतील एक निकष, तेथे राहणारा एक पूर्णवेळ कर्मचारी असणे हा दुसरा. आणखी एक निकष असा, की कंपनीच्या घटनापत्रातून उद्भवणारे वाद मॉरिशसमधील लवादापुढे सोडवले जातील, असे कलम त्या घटनापत्रात असावे. ज्या कंपनीला कार्यालय नाही आणि नोकर नाही, तिलाही भविष्यात येथेच येऊन भांडण्याचे लेखी वचन देऊन आपले अस्तित्व सिद्ध करता येत होते. अस्तित्वाच्या प्रश्नावर तत्त्वज्ञांनी इतकी शतके वाद घातले, पण इतका किफायतशीर तोडगा त्यांच्यापैकी कोणालाही सुचला नाही.

या सर्व साधनेचे फळ म्हणजे निवासी प्रमाणपत्र, म्हणजेच ‘ही कंपनी करासाठी आमची रहिवासी आहे’ असा मॉरिशसच्या कर खात्याचा दाखला. २००० साली मुंबईतील काही आयकर अधिकाऱ्यांनी या दाखल्यापलीकडे पाहण्याचा उद्धटपणा केला आणि काही परदेशी संस्थांना नोटिसा पाठवल्या. त्यासरशी शेअर बाजार घसरला, आणि १३ एप्रिल २००० रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ७८९ क्रमांकाचे परिपत्रक काढून, मॉरिशसचा दाखला हाच निवासाचा पुरेसा पुरावा मानावा, असा खुलासा केला. हे परिपत्रक दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केले, परंतु ऑक्टोबर २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘आझादी बचाओ आंदोलन’ खटल्यात ते पुन्हा वैध ठरवले. तुलनेसाठी हे नमूद करणे उचित ठरेल, की महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला अधिवास प्रमाणपत्रासाठी राज्यातील १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा तहसील कचेरीत द्यावा लागतो. या विद्यार्थ्याची मूळ चूक अशी, की तो कंपनी म्हणून जन्माला आलेला नसतो.

मॉरिशसचे निवासी होण्याचा एक जुना आणि अतिशय अकार्यक्षम मार्गही इतिहासाला ज्ञात आहे. १८३४ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर या बेटावर नेले जाऊ लागले, त्यांत कोकणातून गेलेले मराठी लोकही होते. पोर्ट लुईच्या बंदरातील ज्या ठाण्यावर त्यांची नोंद होई, ते ‘आप्रवासी घाट’ २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. या मंडळींना कार्यालय, कर्मचारी आणि मालमत्ता यांपैकी एकही निकष पूर्ण करता येत नव्हता, व्यवस्थापन कंपनी उपलब्ध नव्हती, म्हणून त्यांनी मळ्यांत ऊस तोडून आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहून निवासित्व मिळवले. त्यांच्या वंशजांनी भाषा जपली, गणपती जपला, आणि गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी मिळते. त्या दिवशी कचेऱ्या बंद असल्याने एखादी संचालक मंडळाची सभा पुढे ढकलावी लागत असेल, एवढाच या दोन स्थलांतरांचा आजवरचा व्यावहारिक संबंध दिसतो.

येथे ‘वळसा गुंतवणूक’ ही संकल्पना स्पष्ट करणे आवश्यक आहे. देशातील पैसा या ना त्या वाटेने बाहेर न्यायचा आणि परदेशी भांडवलाच्या वेशात तो परत आणायचा, या प्रकाराला हे नाव आहे. मॉरिशसमार्गे येणाऱ्या पैशांत खरा परदेशी किती आणि हवापालट करून परतलेला किती, हा वाद दीर्घकाळ चालला. तथापि स्वागतसमारंभात हा भेद कधीच केला गेला नाही, कारण घरच्या पैशाला आयकर अधिकारी भेटतो आणि बाहेरून आलेल्या पैशाला मंत्री भेटतात.

अखेर १० मे २०१६ रोजी करारात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या समभागांच्या विक्रीवर कर लावण्याचा अधिकार भारताला परत मिळाला. संक्रमणाच्या पहिल्या दोन वर्षांत कराचा दर निम्मा ठेवला गेला, मात्र ती सवलत ‘शेल’ कंपनीला, म्हणजे आत काही नसलेल्या कवचाला, मिळणार नव्हती. आणि मागील १२ महिन्यांत मॉरिशसमधील कामकाजावर १५ लाख मॉरिशियन रुपयांहून, म्हणजे २७ लाख भारतीय रुपयांहून, कमी खर्च करणारी कंपनी शेल समजावी, असे ठरले. सत्त्वाची किंमत रुपयांत निश्चित झाल्याने एक मोठा सैद्धांतिक गोंधळ मिटला. पुढे २०१८-१९ मध्ये थेट परदेशी गुंतवणुकीत मॉरिशसला मागे टाकून सिंगापूर पहिल्या क्रमांकावर आले. तेथे किमान एक स्थानिक निवासी संचालक आणि सहा महिन्यांच्या आत एक सचिव नेमावा लागतो, भांडवल मात्र एक डॉलर असले तरी चालते. त्यामुळे तत्त्वात खंड न पडता केवळ पत्ता बदलला.

या शास्त्राचा कळस भारताने स्वतःच्या भूमीवर चढवला आहे. गांधीनगरजवळील गिफ्ट सिटीत ‘आंतरराष्ट्रीय वित्तीय सेवा केंद्र’ स्थापन झाले असून, २०१५ च्या परकीय चलनविषयक नियमांनुसार तेथील मान्यताप्राप्त वित्तसंस्था भारताबाहेरील निवासी समजल्या जातात. साबरमतीच्या काठी उभे राहून परदेशात असण्याची ही सोय प्राचीन योगशास्त्रातही नव्हती. पुढे मॉरिशससारख्या ठिकाणचे निधी करभाराविना येथे हलवता यावेत, अशी तरतूदही २०२१ मध्ये करण्यात आली, म्हणजे परदेशी होण्यासाठी गेलेल्यांना परदेशीपण शाबूत ठेवून घरी येण्याचा मार्ग मोकळा झाला. मुंबईला आंतरराष्ट्रीय वित्तकेंद्र करण्यासंबंधीचा एका उच्चाधिकार समितीचा अहवाल २००७ सालीच तयार होता. परंतु २०२० मध्ये या केंद्रांच्या नियामक प्राधिकरणाचे मुख्यालय गांधीनगरला गेले आणि मुंबई हे शहर भारतातच राहिले. मुंबईकर गुंतवणूकदाराची तरीही गैरसोय होण्याचे कारण नाही, कारण मुंबई सेंट्रलहून गांधीनगरला २०२२ पासून थेट वंदे भारत एक्सप्रेस जाते. तिच्या तिकिटावर व्हिसाच्या क्रमांकासाठी रकाना नाही, ही त्रुटी रेल्वे खाते यथावकाश दूर करील, अशी अपेक्षा आहे.