‘नाही’ची मात्रा

अड्याळसारख्या गावात मेडिकलवर शिकायला येणाऱ्या डी.फार्मच्या पोराला पहिल्या दिवशी धास्ती असते ती डॉक्टरांच्या अक्षराची. ती फुकटची. औषधाचं नाव सुवाच्य लिहावं, असा नियम डॉक्टरांना 2016 पासून आहे. आणि ज्यांच्यापर्यंत तो पोचलेला नाही, त्यांचं अक्षर दुकानदाराला तोंडपाठ असतं. खरी परीक्षा घेतो तो चिठ्ठीच न आणणारा. ‘भाऊ, ते मागच्या बारची पांढरी गोळी द्या’ म्हणत तो कापलेल्या पट्टीचा तुकडा पुढे करतो. त्यावर औषधाचं नाव सोडून बाकी सगळं असतं. डी.फार्मनंतरच्या 500 तासांच्या प्रशिक्षणात किमान 250 तास प्रत्यक्ष औषध देण्यात जावेत, असा नियम आहे. माझं म्हणणं एवढंच, की त्यातला पहिला दिवस औषध न देण्यात जावा. फार्मसीच्या पुस्तकात हजार औषधं असतात. ‘नाही’ हे त्यात नसतं, आणि गल्ल्यासमोर तेच सगळ्यांत आधी लागतं.

कायदाही याच बाजूचा आहे. अनुसूची एचमधलं औषध चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. एच-1 मधल्या औषधांसाठी 2014 पासून वेगळी वही ठेवावी लागते. डॉक्टर, रुग्ण, औषध आणि किती दिलं, हे लिहून ती तीन वर्षं जपायची. ‘दोनच द्या’ म्हणून अँटिबायोटिक मागणाऱ्याला जंतू दोन गोळ्यांत निरोप घेतील असं वाटतं. जंतू मात्र उरलेला कोर्स कधी चुकतो, याचीच वाट बघत असतात. रोवणीच्या दिवसांत कंबर धरून आलेली बाई दुखण्याची जालीम गोळी मागते आणि ती चहाबरोबर, उपाशीपोटी घेते. अशा वेळी पोराचा हात फडताळाकडे जाण्याआधी तोंडातून प्रश्न निघायला हवा: काही खाल्लं का, आणखी कोणती औषधं चालू आहेत?

यावर म्हणतील, गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. जाईल की! पण कायदा शेजारच्या दुकानालाही तोच आहे. दुसरा आक्षेप जड आहे: डॉक्टरकडे जायचं तर मजुरी बुडते. हे खरंच आहे, म्हणूनच ‘नाही’लाही मात्रा असते आणि तेही उपाशीपोटी देऊ नये. त्याच्यासोबत काहीतरी द्यावंच लागतं: जुलाबाला ओआरएसची पुडी, साध्या तापाला पॅरासिटामॉल, आणि ‘काकाजी, ग्रामीण रुग्णालय गावातच आहे, चिठ्ठी घेऊन या, मी गोळी काढून ठेवतो’ एवढं आर्जव. नुसतं तुसडं ‘नाही’ हे मुदत संपलेल्या औषधासारखं. देणाऱ्याला दिल्याचं समाधान, घेणाऱ्याला गुण शून्य.

तिसरा आक्षेप पोराचाच: मालकच हसत हसत ‘घेऊन जा’ म्हणत असेल, तर मी ‘नाही’ कुठून शिकू? प्रश्न रास्त आहे. म्हणून प्रशिक्षणासाठी दुकान निवडताना पोरानं फ्रीज, फडताळं, संगणक नंतर पाहावेत. आधी नोंदणीकृत फार्मासिस्ट स्वतः गल्ल्यामागे उभा आहे का, ते पाहावं. काही ठिकाणी त्याचं फक्त प्रमाणपत्रच काचेच्या चौकटीत हजर असतं. ते दिसायला देखणं, नियमाप्रमाणे टांगलेलं आणि नूतनीकरण केलेलंही असेल. पण कुणाला ‘नाही’ म्हणायचं काम त्याला आजवर जमलेलं नाही.